‘मला माहीत नाही’ म्हणण्याची जबाबदारी

२०२१च्या फेब्रुवारीत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने राज्यात आधी गाठले ते वऱ्हाडाला. अमरावती, अचलपूर, अकोला येथे पुन्हा टाळेबंदी लागली. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि १४ एप्रिलला पहिला रोजा आला. रोजेदारांपुढे प्रश्न उभा राहिला : लस घेतली तर रोजा तुटतो का?

प्रश्न साधा होता, पण चुकीच्या उत्तराची किंमत मोठी होती. कोणाच्या ऐकीव बोलण्यावरून साठीतला माणूस ‘ईदनंतर बघू’ म्हणाला असता, तर महिना वाया गेला असता. तो महिना थांबण्याचा नव्हता. लखनऊच्या फिरंगी महल येथील दारुल इफ्ताने, म्हणजे फतवा देणाऱ्या विभागाने, लसीने रोजा तुटत नाही असे स्पष्ट सांगितले. लस सुईने शरीरात जाते, पोटात नाही.

फतवा हा शब्द आपल्याकडे हुकूम या अर्थाने रूढ झाला आहे. मुळात तो विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने, म्हणजे शरियतच्या जाणकाराने, दिलेला अभिप्राय असतो. तो कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली स्पष्ट केले. तरी लोक तो मानतात, कारण त्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास असतो.

या अभ्यासाची पहिली खूण म्हणजे स्वतःची मर्यादा ओळखणे. आठव्या शतकातले मदीनेचे इमाम मालिक हे सुन्नी परंपरेतील चार थोर इमामांपैकी एक. त्यांना एकदा ४८ प्रश्न विचारले गेले आणि ३२ प्रश्नांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असे उत्तर दिले, असे सांगितले जाते.

हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने आणि आचरण, सांगतानाही ‘अमक्याने तमक्याकडून ऐकले’ अशी साखळी द्यावी लागे. तिला सनद म्हणतात. तिच्यातल्या प्रत्येकाचा खरेपणा आणि स्मरणशक्ती पारखली जाई. मोबाइलवरच्या ‘हदीसमध्ये आहे’ अशा संदेशाला मात्र ना सांगणाऱ्याचे नाव असते, ना ग्रंथाचे. तो पुढे पाठवणारा नकळत त्या साखळीची एक कडी होतो.

अमरावतीचा इतवारा असो की अकोल्यातली एखादी गल्ली, इफ्तारच्या दस्तरखानावर मसले निघतातच. मधुमेहाच्या रुग्णाने रोजा ठेवावा का? आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. पण रुग्णाची प्रकृती डॉक्टर जाणतो आणि मसला मुफ्ती. शेजाऱ्याला दोन्ही ठाऊक नसते, तरी ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ या न्यायाने आधी सल्ला तोच देतो.

मसला सांगायचाच, तर तो कोणाला विचारला आणि कोणत्या परिस्थितीसाठी, हेही सांगावे. एकाला दिलेले उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

रोजा जिभेचाही असतो, असे घराघरांत मुलांना शिकवतात. मोबाइलच्या काळात तो बोटांचाही ठेवायला हवा.