शाळेची परसबाग मे महिन्यात का सुकते?

जूनमध्ये शाळा भरतात, पाऊस पडतो आणि मुले वाफे करून मेथी, पालक, भेंडी लावतात. खरी परीक्षा पुढे असते. उन्हाळ्यात पाणी आटते, मे महिन्यात शाळेला कुलूप लागते आणि मोकाट गुरे-शेळ्या उरलेसुरले फस्त करतात. मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा जास्त पाऊस पडणारा किनवट तालुकाही या अडचणीला अपवाद नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर कुंड्या, डबे किंवा गच्चीवरही भाजी लावता येते. म्हणजे अडचण जागेपेक्षा पाण्याची, कुंपणाची आणि माणसांची आहे. एकाच हौशी शिक्षकाने उभी केलेली बाग त्याची बदली झाली की पोरकी होते.

बागेकडून अपेक्षाही माफक हवी. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. ६० मुलांना रोज तीन किलो लागेल. शाळेमागच्या चार वाफ्यांतून एवढी भाजी वर्षभर निघत नाही. बाग शिकण्यासाठी असते. बी रुजणे, मोजमाप, कीड, माती हे धडे तिथे हाताने शिकता येतात.

पण शिकले म्हणजे खाल्ले, असे होत नाही. नेपाळमधील अभ्यासात केवळ शाळेच्या बागेमुळे मुलांची भाज्यांविषयीची माहिती वाढली, खाणे मात्र वाढले नाही. पुढे घरच्या परसबागेची जोड दिल्यावर मुले भाज्या जास्त खाऊ लागली.

किनवटमध्ये ही जोड देणे सोपे आहे. गोंड, कोलाम, आंध कुटुंबांतील आजी-आईला रानभाज्यांची चांगली ओळख असते. त्यांना शाळेत बोलावले तर अंबाडी, करटोलीही पाठात येतील.

काय करता येईल?
- तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चारी काढून वाफ्यांकडे वळवावे.
- पालेभाज्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घ्याव्यात. उन्हाळ्यासाठी शेवगा, कढीपत्ता अशी टिकणारी झाडे लावावीत. शेवग्याच्या पाल्यात लोह असते; भाजीवर लिंबू पिळले तर ते अंगी लागायला मदत होते.
- काटेरी कुंपण पेरणीआधी घालावे.
- सुट्टीत पाणी घालण्याच्या पाळ्या शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलमध्येच गावातील पालकांना वाटून द्याव्यात.

यातली शेवटची गोष्ट बिनखर्चाची आहे, आणि बहुतेक वेळा तीच राहून जाते.