जेवल्यावर लेकराच्या पोटात कळ येते? पित्ताशय आणि सिकलसेल, दोन्ही तपासा

“शाळा बुडवायला सोंग करते,” असे आपण सहज बोलून जातो. पण तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ, उलटी असे वारंवार होत असेल, तर ते सोंग नाही. पित्ताशयाचा त्रास लहान मुलांनाही होतो.

यकृतात तयार झालेले पित्त पित्ताशयात साठते. तेलातुपाचे अन्न पोटात गेले की पित्ताशय आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. वाटेत खडा अडकला की कळ येते.

आपल्या पूर्व विदर्भात बौद्ध, आदिवासी आणि इतर समाजांतही सिकलसेल आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची 10 ते 20 दिवसांतच फुटते. त्यातून पिवळे द्रव्य वाढते, डोळे पिवळे दिसतात आणि लहान वयातच खडे होऊ शकतात. अशा वेळी कावीळ उतरवण्यात, झाडफुकीत दिवस घालवू नका. दुःखाचे कारण शोधा, ही तर तथागतांची शिकवण आहे.

कारध्याहून वैनगंगा ओलांडली की भंडारा, तिथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. जाण्यापूर्वी आठवडाभर वहीत लिहा: काय खाल्ले, कधी दुखले, किती वेळ दुखले, उलटी झाली का. डॉक्टरांना सोनोग्राफी आणि सिकलसेल तपासणीबद्दल विचारा. सोनोग्राफीला उपाशीपोटी जावे लागते, किती तास ते आधी विचारून घ्या. सिकलसेलची पहिली चाचणी थोड्याशा रक्तावर होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने मूल वाहक की रुग्ण, ते कळते. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. आशाताईंकडे चौकशी करा.

सोनोग्राफीत खडे नाहीत, तरी दुखणे थांबत नाही? मग आम्लपित्त, बद्धकोष्ठता, जंत अशी कारणे आधी तपासली जातात. त्यानंतर गरज वाटल्यास मोठ्या शहरात हायडा स्कॅन करतात. पित्ताशय किती रिकामे होते, ते त्यात मोजतात. हे प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त आले तर काही डॉक्टर पित्ताशय अतिक्रियाशील आहे असे म्हणतात. मात्र तेवढ्यावरून मुलाचे पित्ताशय काढावे का, याबाबत डॉक्टरांत एकमत नाही. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्या. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर मुलाला सिकलसेल असल्याचे आधी सांगा. भूल देण्यापूर्वी विशेष तयारी करावी लागते.

ताप-थंडी, वाढती कावीळ, पांढरट शौच, न थांबणारी उलटी किंवा काही तास न थांबणारी कळ असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.

सिकलसेल आई आणि वडील दोघांकडून येतो. यात दोष कुणाचाच नाही, म्हणून आईला बोल लावू नका. एका लेकरात आढळला तर भावंडांचीही तपासणी करा. लपवून आजार बरा होत नाही.

जय भीम!