छातीवरचा वाद्यवृंद

१९९० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने ठराव करून अकॉर्डियन हे शहराचं अधिकृत वाद्य असल्याचं जाहीर केलं. लोक हसले, आणि हसण्यासारखं होतंच. ज्या शहराने साठच्या दशकात ग्रेटफुल डेड आणि जेफरसन एअरप्लेन हे रॉक बँड दिले, जिथे गिटार खांद्याला अडकवून देशभरातली पोरं गोळा झाली, त्या शहराने निवडलं काय, तर आजोबांच्या लग्नात वाजलेलं वाद्य! ठरावाच्या मागे लागलेली मंडळी 'दोज डार्न अकॉर्डियन्स' या बँडची. हा बँड १९८९ मध्ये निघाला तोच मुळी खोडसाळपणातून. पाच-दहा जणांनी अकॉर्डियन घेऊन एखाद्या उंची रेस्टॉरंटात घुसायचं, 'लेडी ऑफ स्पेन' ही धून दणक्यात वाजवायची आणि वेटर सावरायच्या आत पसार व्हायचं. जून महिना हा अकॉर्डियन जागृतीचा महिना, हीसुद्धा यांचीच टूम.

पण सॅन फ्रान्सिस्कोचा या वाद्यावरचा हक्क थट्टेवारी नेण्यासारखा नाही. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने 'अकॉर्डियन' या नावाचं पेटंट घेतलं १८२९ मध्ये. पुढे इटलीतल्या कास्तेलफिदार्दो या डोंगरमाथ्यावरच्या गावात त्याचे कारखाने निघाले. तिथून वाद्य आणि कारागीर बोटीने अमेरिकेला आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुएरिनी, कोलंबो, गॅलियाझ्झी अशा घराण्यांची वाद्यं बनवण्याची दुकानं थाटली गेली, आणि उजव्या हाताला बटणांऐवजी पियानोसारखी पट्टी असलेलं अकॉर्डियन अमेरिकेत पहिल्यांदा याच दुकानांत बनू लागलं. गुइडो डेइरो नावाचा देखणा इटालियन तरुण १९१० मध्ये याच शहरातून व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर चढला. व्हॉडव्हिल म्हणजे गाणं, नकला, कसरती, जादू, सगळं एका तिकिटात. पुढे सिनेमात गाजलेली मे वेस्ट काही काळ त्याच्या सोबत होती, एवढं सांगितलं की त्याच्या लोकप्रियतेची कल्पना यावी.

हे वाद्य चालतं कसं, ते पेटी वाजवणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. मूळ तत्त्व तेच: भात्याची हवा धातूच्या पातळ पट्टीला थरथरवते आणि सूर निघतो. आपल्या पेटीच्या रीड पितळेच्या, अकॉर्डियनच्या पोलादी. पेटीत डावा हात भात्याला बांधलेला, त्यामुळे संगीत सगळं उजव्या हाताचं. अकॉर्डियनमध्ये भाता दोन हातांच्या मधोमध आहे. डावा दंड तो उघडतो आणि मिटतो, पण डाव्या हाताची बोटं मोकळी राहतात, आणि तिथे त्यांच्यासाठी १२० बटणं असतात.

ही बटणं वाजवणाऱ्याला दिसत नाहीत. ती वाद्याच्या डाव्या अंगाला, भात्याच्या पलीकडे. हात पट्ट्याखालून जातो आणि बोटं आंधळेपणाने जागा शोधतात. मध्य सापडावा म्हणून 'सी'च्या बटणाला एक खळगा किंवा चमकीचा खडा असतो. एवढी बटणं लक्षात राहतात कशी? तर त्यांची मांडणी षड्ज-पंचम भावाने केलेली असते. एका बटणाला षड्ज धरलं की शेजारच्या वरच्या बटणावर त्याचा पंचम, त्याच्या वर त्या पंचमाचा पंचम. अशा २० रांगा, प्रत्येक रांगेत सहा बटणं. पहिली दोन सुट्या खर्जाची, उरलेली चार तयार स्वरसंघांची: एक बोट दाबलं की सा-ग-प एकत्र उमटणार, त्याच्या शेजारचं दाबलं तर गंधार कोमल होणार. त्यामुळे गाणं दुसऱ्या पट्टीत न्यायचं झालं तर डाव्या हाताची बोटं तशीच ठेवून फक्त जागा सरकवायची. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तर पेटीवाल्याची जी धांदल उडते, तिच्यापासून हा हात सुटलेला आहे. उजव्या हाताची सुटका नाही.

आता आतलं बघा. मोठ्या अकॉर्डियनला उजवीकडे ४१ पट्ट्या. प्रत्येक सुराला चार रीड, आणि भाता उघडताना वेगळी व मिटताना वेगळी, म्हणून त्याच्या दुप्पट: ३२८ पोलादी जिभा फक्त उजव्या बाजूला. यातल्या काही मुद्दाम केसभर चढ्या लावतात. दोन सूर जवळपास एक पण पुरते एक नाहीत, म्हणून आवाज थरथरतो. पॅरिसच्या रस्त्याचा म्हणून आपल्याला सिनेमातून ओळखीचा झालेला आवाज तो हाच. हे सगळं मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने लाकडी ठोकळ्यांवर चिकटवलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत वाद्य राहिलं तर मेण मऊ होतं आणि रीड जागा सोडतात. कोणत्याही क्लबात नव्या माणसाला सांगितला जाणारा पहिला नियम संगीताचा नसतोच: गाडीत ठेवू नका.

मेण, पुठ्ठा, कातडं, पोलाद असं दहा-बारा किलोंचं हे धूड. ते छातीवर घेतलं की माणूस एकटा ठेका देतो, साथ करतो आणि गाणंही वाजवतो. त्याला कुणाची गरज उरत नाही. मला वाटतं, क्लबांचं मूळ इथेच आहे. ज्याला कुणाची गरज नाही, त्याला कुणी बोलावतही नाही. सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनला, बासरीला, इतकंच काय झांजांनाही ठरलेली खुर्ची आहे, अकॉर्डियनला नाही. शाळेच्या बँडमध्येही नाही. म्हणून अकॉर्डियनवाल्यांनी आपली सभा आपणच भरवली. गुइडोचा धाकटा भाऊ पिएत्रो याच्या अध्यक्षतेखाली १९३८ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन अकॉर्डियनिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. १९३९ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स मॅग्नांटेने आपल्या चौकडीसह कार्नेगी हॉलमध्ये अकॉर्डियन नेलं. पुढे १९५३ पासून एल्सी बेनेट या बाईंनी पॉल क्रेस्टन, व्हर्जिल थॉमसन अशा मोठ्या संगीतकारांच्या मागे लागून या वाद्यासाठी रचना लिहवून घेतल्या. खुर्ची काही मिळाली नाही.

प्रतिष्ठा नसली तरी पैसा मात्र भरपूर आला. दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा वर्षं अमेरिकेत हे वाद्य घराघरांत शिरलं. शिकवणीचे विक्रेते दारोदार हिंडून मुलाची 'चाचणी' घेत, मूल हमखास गुणी निघे, आणि बापाच्या गळ्यात १२ बटणांचं भाड्याचं वाद्य पडे. १९५५ पासून लॉरेन्स वेल्कचा कार्यक्रम देशभर दूरदर्शनवर होता. वेल्क स्वतः अकॉर्डियनवाला, आणि मायरन फ्लोरेन त्याचा हुकमी वादक. पण खरा नायक होता डिक कॉन्टिनो. फ्रेझनोचा हा पोरगा १९४७ च्या डिसेंबरमध्ये होरेस हाइटच्या रेडिओ स्पर्धेत उतरला, 'लेडी ऑफ स्पेन' वाजवलं, आणि भाता असा काही झटकला की मुली किंचाळायला लागल्या. (एल्व्हिस तेव्हा बारा वर्षांचा होता.) १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धासाठी बोलावणं आलं आणि घाबरून कॉन्टिनो फोर्ट ऑर्डच्या छावणीतून निघून गेला. परत येऊन स्वाधीन झाला, तुरुंगात गेला, मग कोरियातही जाऊन आला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी माफी दिली. वर्तमानपत्रांनी दिली नाही. कॉन्टिनो २०१७ पर्यंत जगला आणि वाजवत राहिला, पण पहिलं वैभव पुन्हा आलं नाही.

वाद्याचंही तेच झालं. रॉक अँड रोल आला, १९६४ मध्ये बीटल्स आले, आणि हजारो अकॉर्डियन पलंगाखाली गेली. चेष्टेचे दिवस सुरू झाले. गॅरी लार्सनच्या एका प्रसिद्ध व्यंगचित्रात स्वर्गात येणाऱ्याला हार्प देतात आणि नरकात अकॉर्डियन. आपल्याला याचं नवल वाटायला नको. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतंच. फरक एवढाच की पेटीच्या मागे मराठी रंगभूमी होती, गोविंदराव टेंबे होते, कीर्तन-भजन होतं. अमेरिकेत अकॉर्डियनच्या मागे राहिले ते क्लब.

सॅन फ्रान्सिस्को अकॉर्डियन क्लब, पेटालुमाचा अकॉर्डियन क्लब ऑफ द रेडवुड्स, असे कितीतरी क्लब एकट्या उत्तर कॅलिफोर्नियात आहेत. महिन्यातून एकदा जमायचं. जागा कधी चर्चचं सभागृह, कधी जुन्या जर्मन किंवा इटालियन मंडळाचा हॉल. दाराशी नाममात्र पैसे, आत कॉफी, घरून आणलेले केक, सोडतीची तिकिटं. सोडतीचं बक्षीस बहुधा वाइनची बाटली. पाहुणा कलाकार असतो, आणि त्याचा दर्जा खरोखर वरचा असतो: कुणी बाखच्या ऑर्गनरचना वाजवतो, कुणी पियाझोलाचे टँगो, कुणी लुइझियानाचं झायडेको, कुणी टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचं कोन्हुन्तो. मागच्या बाजूला नाचायला मोकळी जागा ठेवलेली असते आणि पोल्का सुरू झाली की काठ्या खुर्च्यांना टेकवून जोड्या उठतात.

मला मात्र पाहुण्याच्या आधीचा तास जास्त आवडतो, जेव्हा सभासद आळीपाळीने वाजवतात. निवृत्त प्लंबर, दंतवैद्य, पन्नास वर्षांनी पलंगाखालून वाद्य काढलेली आजी, आणि अलीकडे बाल्कन किंवा ज्यू लग्नसंगीताच्या ओढीने आलेली विशीतली पोरं. चुका होतात. डावा हात एक रांग चुकला की अख्खा स्वरसंघ बेसूर होतो, लपवायला जागाच नसते. समोरचे तीस-चाळीस लोक ही चूक आपापल्या घरी करून आलेले असतात. ते ठेका धरून थांबतात, बोटं परत जागेवर आली की टाळ्या देतात. आपल्याकडच्या गुणी पण कडक गुरूंच्या बैठकींत वाढलेल्याला हे फार सैल वाटेल. मलाही सुरुवातीला वाटलं. पण ज्या वाद्यावर पोट भरायची सोय उरली नाही, ते हौशी लोकांच्याच जिवावर टिकणार, आणि हौशी माणूस टिकवायचा तर त्याला लोकांसमोर चुकू द्यावं लागतं.

या सगळ्या क्लबांची जत्रा भरते सोनोमा परगण्यातल्या कोटाटी या लहान गावात, ऑगस्टमध्ये. कोटाटीचा चौक षटकोनी आहे. तिथल्या बागेत १९९१ मध्ये जाझ अकॉर्डियनवादक जिम बोजिओ आणि क्लिफ्टन बक-कॉफमन यांनी हा महोत्सव सुरू केला. बोजिओ १९९६ मध्ये वारला. त्याचा वाद्यासह कांस्यपुतळा आता त्याच बागेत उभा आहे. महोत्सवातला एक प्रकार कुणी चुकवत नाही: ज्याच्या ज्याच्याकडे अकॉर्डियन आहे त्या सगळ्यांनी मिळून 'लेडी ऑफ स्पेन' वाजवायचं. १९३१ मधलं हे गाणं इंग्रज लोकांनी रचलेलं, स्पेनशी त्याचा नावापुरताच संबंध. कॉन्टिनोने ते गाजवलं, रेस्टॉरंटातल्या टोळीने त्याची टर उडवली, आणि कोटाटीत शेकडो भाते ते एकदम ओढतात तेव्हा थट्टा कुठे संपली आणि भक्ती कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. लय तर पहिल्या काही मात्रांतच तीन ठिकाणी पांगलेली असते.

अशा गर्दीत आपल्या पिढीचा मराठी माणूस उभा राहिला की त्याच्या कानात वेगळंच काही वाजतं: 'संगम'मध्ये गळ्यात अकॉर्डियन अडकवलेला राज कपूर, 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मधलं केरसी लॉर्ड यांचं वादन, गुडी सिरवई, आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स, ज्यांच्या वादनाच्या तबकड्या गणपतीच्या मांडवापासून इराण्याच्या हॉटेलापर्यंत ऐकू यायच्या. आपल्या वादकांनी या वाद्याकडून बहुतेक वेळा एकेरी सुरावट काढून घेतली, कारण आपल्या गाण्याला तीच हवी होती. डाव्या हाताची ती १२० बटणं मुंबईच्या स्टुडिओत बरीचशी विश्रांतीच घेत असणार. ठेक्याला ढोलक होता, साथीला पन्नास व्हायोलिनं होती.

म्हणूनच पेटी येणारे कुणी क्लबात गेले तर तिथले लोक उजवा हात ऐकून खूश होतात आणि डाव्याबद्दल विचारतात. पेटीवाल्याने एकदम १२० बटणांचं वाद्य घेऊ नये; ४८ किंवा ७२ चं घ्यावं, पाठही वाचते. म्हातारे सभासदही आता तिकडेच वळताहेत. काही जण २००४ मध्ये आलेल्या रोलंडच्या इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियनकडे गेले: त्यात रीड नाही, मेण नाही, उन्हाची भीती कमी. त्यावरून कॉफीच्या टेबलाशी वाद होतात. जुनं इटालियन वाद्य मात्र स्वस्तात मिळू शकतं, कारण आजोबा गेले की नातवंडं ते क्लबाकडे आणून देतात. घेताना भाता हळूहळू उघडून प्रत्येक पट्टी दोन्ही दिशांना वाजवून बघावी, आणि आतून कुबट वास येत असेल तर किंमत कितीही कमी सांगितली तरी नको म्हणावं. सगळ्या रीड काढून, मेण खरवडून पुन्हा लावायच्या तर वाद्याच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होते, आणि ते काम येणारे कारागीर क्लबांपेक्षाही कमी आहेत.