उन्हाने मारले, उजेडाने तारले

आजाऱ्याचे अंथरूण-पांघरूण उन्हात टाकावे, हा घरोघरचा जुना शिरस्ता शास्त्राला धरूनच आहे. उन्हातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंचा प्राण घेतात. मग उघड्या रानात जंतू जगतात तरी कसे?

या कोड्याची पहिली उकल अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे झाली, आणि तीही अवचित. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचे नाव आपण ऐकलेच असेल. ते ज्या जंतूपासून मिळाले, त्याच्या बीजाणूंवर आल्बर्ट केल्नर हे अतिनील किरण सोडीत होते. मात्रा तीच; परंतु कधी थोडे बीजाणू वाचत, कधी पुष्कळ. केल्नरना संशय आला तो तापमानाचा. शेवटी उमगले, की काचेचे भांडे खिडकीपाशी होते आणि साधा उजेड त्यावर पडत होता. अंधारातल्यांपेक्षा उजेडातले बीजाणू लाखपटीहूनही अधिक वाचले! हे त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले.

आता आतले रहस्य पाहू. डीएनए म्हणजे दोन पदरी माळ, मणी चार जातींचे. अतिनील किरण पडले की एकाच पदरातले शेजारचे दोन थायमीन मणी एकमेकांना चिकटतात आणि माळेची नक्कल तेथे अडते. फोटोलायेज नावाचे विकर निळ्या उजेडाची शक्ती घेऊन ही जोडी सोडवते.

आणि रात्री? आम्हांला अधिक कौतुक वाटते ते या अंधारातल्या कारागिरीचे. १९६४ साली ती उजेडात आली. ई. कोलाय हा जंतू बिघडलेल्या जागेसह सुमारे बारा-तेरा मण्यांचा तुकडा कापून टाकतो, समोरचा पदर पाहून नवे मणी ओवतो आणि टोके सांधतो. रफूगारच म्हणा ना! समोरचा पदर शाबूत, म्हणून हे साधते. इजा फारच झाली, तर मात्र तो चुकतमाकत नक्कल पुरी करतो. जीव वाचतो, पण वाणात बदल होतात.

आपणां माणसांत फोटोलायेज नाही. आपली सारी भिस्त या कापून ओवण्यावर. झेरोडर्मा पिग्मेन्टोसम या आनुवंशिक रोगात हेच कसब लुळे पडते, असे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखविले. अशा मुलांना लहानपणीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हापासूनही त्यांना जपावे लागते.