कासवं वाढली, कुरण सरलं

लक्षद्वीपहून परतलेल्या पर्यटकाच्या फोनमध्ये एखादं तरी कासव असतंच. अगत्ती किंवा कदमतच्या लगूनमध्ये मास्क लावून तोंड पाण्यात घातलं, की खाली निवांत चरणारं हिरवं कासव दिसण्याची शक्यता मोठी. वेळासच्या किनाऱ्यावर आपण ज्याची पिल्लं पाहायला जातो, ते हे नव्हे. ते ऑलिव्ह रिडले, खेकडे आणि जेलीफिशवर ताव मारणारं. हे मात्र मोठं झालं की जवळजवळ शाकाहारी होतं. ‘हिरवं’ हे नावही पाठीवरून पडलेलं नाही, आतल्या चरबीच्या रंगावरून पडलंय.

चरतं म्हणजे अक्षरशः चरतं. लगूनच्या वाळूत समुद्री गवताची कुरणं असतात. हे शेवाळ नाही. मुळं, खोड, फुलं असलेली वनस्पती आहे. करवतीसारख्या कडेच्या जबड्याने कासव पाती खुडतं आणि फुटणारे कोवळे कोंब खायला पुन्हा त्याच जागी येतं. आतड्यातले जिवाणू त्यातलं सेल्युलोज आंबवून देतात. कासवं मोजकी असली तर हे गणित जमतं.

अगत्तीत ते बिघडलं. पूर्वी बेटांवर कासव मारून त्याचं तेल होड्यांना लावत. 1972च्या वन्यजीव कायद्याने कासवाला संरक्षण मिळालं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची दाटी झाली. कोळी कुरकुरू लागले : कासवं गवत संपवतायत, म्हणून मासळी घटतेय. पर्यावरणवाद्यांना असली तक्रार ऐकायला आवडत नाही. पण म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी पाण्यात उतरून मोजमाप केलं, तेव्हा कोळ्यांच्या म्हणण्यात तथ्य निघालं. जिथे पाती आखूड झाली, तिथे लहान माशांचा आडोसा गेला. एक कुरण उजाड झालं की कासवं पुढच्या बेटाकडे वळत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात एकामागून एक बेटांची कुरणं अशी नाममात्र उरल्याची नोंद आहे. इंडोनेशियातल्या डेरावान बेटाजवळ तर कासवं वाळू उकरून जमिनीतली खोडंही खाताना आढळली.

दोष एकट्या कासवांचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे टायगर शार्कच्या धाकाने धडधाकट कासवं धोक्याच्या कुरणात फारशी जात नाहीत. जगभर शार्क बेसुमार मारले गेले, तसा हा धाकही ओसरला. शिकार थांबवणारा कायदा आपण केला. शिकारी परत आणणारा कायदा कसा करणार?

स्नॉर्केलिंग करणाऱ्याने कासवाच्या डोक्यावर तरंगत राहू नये. विसावलेलं कासव तासन्‌तास श्वास रोखतं, पण पाठलाग झाला की त्याचा प्राणवायू झपाट्याने संपतो आणि त्याला वर यायला मोकळी वाट लागते. थोडं लांब राहून त्याच्या पोटाखालीही पाहावं. तिथे हातभर पाती डोलतायत, की नुसती वाळू आहे?