परदेशी कर्ज आणि आपलं वीजबिल

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावापासून रत्नागिरीचं दाभोळ फार लांब. तरीही १९९० नंतर एनरॉनचं नाव आमच्या इथवर पोचलं, कारण वीज मंडळ साऱ्या राज्याचं एकच होतं. दाभोळला मंडळाला बसलेली तोशीस आमचीही होती.

कर्ज परदेशी आहे म्हणूनच वाईट, असं मी मानत नाही. मोठ्या कामाला पैसा आधी लागतो, फायदा पुढं कित्येक वर्षं मिळत राहतो. मुंबईच्या कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रोला जपाननं कर्ज दिलं. इतक्या लांब मुदतीचं, कमी व्याजाचं कर्ज आपल्या बँकांकडून सहसा मिळत नाही.

मग दाभोळला बिघडलं कुठं? डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. वीज घ्या की घेऊ नका, ठरलेला स्थिर आकार मंडळानं भरायचाच होता, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. पहिल्या टप्प्याचं इंधन नाफ्था. त्याचाही भाव डॉलरवर चालणारा. आता मंडळाची कमाई पाहा : घरातला मीटर, पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप. सगळी रुपयांत! १९९३ मध्ये सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ मध्ये ४७ च्या आसपास गेला. वर केंद्र सरकारची हमी होतीच.

गंमत अशी, की जागतिक बँकेनं १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात राज्याला परवडणार नाही, असा तिचा हिशेब होता. म्हणजे सावध करणाराही परदेशी सावकारच! आपण ऐकलं नाही. १९९५ मध्ये करार रद्द केला, मग नव्यानं बोलणी केली. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. त्याच डिसेंबरात एनरॉननं अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या सरकारी बँकांचेही पैसे त्यात अडकले होते. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकारानं नवी कंपनी काढून प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला.

म्हणून व्याजाच्या दराआधी मी विचारतो, डॉलर चढला तर फरक कोण भरणार? २०१८ मध्ये जागतिक बँकेनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यात आमचा वाशीम जिल्हाही होता. शेततळं, ठिबक अशी कामं त्यातून झाली. ते कर्ज सरकारनं फेडायचं आहे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर त्याचा बोजा चढलेला नाही.