दोन टेबलांची शाखा

संपादक-मित्रांनी या स्मरणिकेसाठी ‘वैद्यकाबाहेरचे काहीतरी’ लिहिण्याचा आग्रह केला. इंदुरातील चाळीस वर्षांच्या व्यवसायात माझ्या सायंकाळी ज्या खेळाने सांभाळल्या, त्या ब्रिजवर लिहावे असे ठरविले. मात्र डावपेचांविषयी नव्हे. संघटनेविषयी, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या ब्रिज संघटनेच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. ज्या शाखेचे सभासद अधिक, तिला अनुदान अधिक. दहाहून कमी सभासद असतील तिला काहीच नाही. युक्तिवाद बिनतोड वाटला आणि ठराव संमत झाला. एका तालुक्याच्या गावी तेव्हा आठ खेळाडू होते, म्हणजे बरोबर दोन टेबले. डुप्लिकेट ब्रिजमध्ये वाटलेला तोच डाव निरनिराळ्या टेबलांवर खेळला जातो. त्यामुळे चांगली पाने येण्याचे नशीब वजा होऊन खेळाडूचे कसब तेवढे मोजले जाते. त्यासाठी किमान दोन टेबले लागतातच. अनुदान थांबले, पाने ठेवण्याचे बोर्ड झिजले, स्पर्धा-संचालक येईनासा झाला, दोघे नोकरीनिमित्त गाव सोडून गेले. उरलेल्या सहा जणांत दुसरे टेबल भरेना. शाखा मिटली. तेथील एक कंपाउंडर माझ्यापेक्षा कितीतरी सरस खेळत असे. तो पुन्हा कोठल्या स्पर्धेत दिसला नाही.

पुढे जागतिक ब्रिज महासंघाचा इतिहास वाचताना हा प्रसंग वारंवार आठवत राहिला. १९५८ साली ऑस्लो येथे स्थापन झालेल्या या महासंघात आज आठ विभागांतील शंभराहून अधिक राष्ट्रीय संघटना आहेत. एका टोकाला कोविडपूर्वी दीड लाखांहून अधिक सभासद असलेली उत्तर अमेरिकेची संघटना, तर दुसऱ्या टोकाला ज्यांचे सारे खेळाडू आपल्या सभागृहात सहज मावतील अशा संघटना. माझ्या ठरावाचा न्याय तेथे लावला असता तर काय झाले असते?

पहिली बर्म्युडा बाऊल स्पर्धा १९५० साली बर्म्युडा बेटावर झाली. संघ अवघे तीन होते: अमेरिका, ब्रिटन आणि युरोपचा एक संमिश्र संघ. या तिसऱ्या संघात स्वीडनच्या खेळाडूंबरोबर आइसलँडचे खेळाडू होते. स्वतःच्या नावाने उतरण्याइतकी जागा त्या देशाला तेव्हा नव्हती. १९९१ साली योकोहामा येथे त्याच आइसलँडने अंतिम सामन्यात पोलंडला हरवून तोच चषक जिंकला. त्या वेळी त्या देशाची लोकसंख्या सुमारे अडीच लाख होती. त्याच वर्षीच्या जनगणनेत आपल्या इंदूर शहराची होती सुमारे अकरा लाख!

आपल्या विभागाचेच उदाहरण घ्या. आशिया व मध्यपूर्वेच्या वाट्याला आलेल्या जागेवरून पाकिस्तानचा संघ १९८१ साली न्यूयॉर्कजवळील पोर्ट चेस्टर येथे गेला आणि थेट अंतिम फेरीत अमेरिकेसमोर बसला. झिया महमूद हे नाव तेथून जगाच्या कानी गेले. केवळ सभासदसंख्येवर जागा वाटल्या असत्या, तर ते कराचीच्या क्लबापुरतेच राहिले असते.

यात मोठ्यांचा स्वार्थही आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ साली महासंघाला मान्यता दिली. मूठभर श्रीमंत देशांपुरत्या खेळाला असा मान मिळणे अवघड. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत ब्रिजचा समावेश झाला, तोही आशियातील अनेक देशांत हा खेळ संघटितपणे खेळला जातो म्हणून. तेथे प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या साठीच्या घरातील जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

साहाय्य कोणत्या प्रकारचे असावे, हा खरा वादाचा मुद्दा. विमानाचे तिकीट देणे सर्वांत सोपे आणि माझ्या मते सर्वांत निरुपयोगी. संघ जातो, छायाचित्र निघते, परत आल्यावर गावात टेबले तेवढीच असतात. त्याऐवजी स्थानिक माणसाला स्पर्धा-संचालनाचे शिक्षण द्यावे, बोर्ड व बोलीच्या पेट्या पाठवाव्यात, शाळा-महाविद्यालयांत शिकविणारा एक शिक्षक उभा करावा. परकीय चलनातील वर्गणी लहानांना झेपेल अशी ठेवावी. जागतिक सांघिक स्पर्धा १९९७ साली ट्युनिशियातील हम्मामेत येथे, २०१५ साली चेन्नईत आणि २०२३ साली मराकेश येथे भरल्या, तसे यजमानपदही फिरते राहावे. मोठ्या संघटना हिशेब मागतात, ते मात्र रास्तच आहे. कागदावर अध्यक्ष, चिटणीस आणि शिक्का; प्रत्यक्षात एकही टेबल नाही, अशा संस्थेला पोसणे म्हणजे लहानांना मदत नव्हे.

येत्या वार्षिक सभेत मी नवा ठराव मांडणार आहे. ज्या शाखेत दोन टेबले भरतात, तिला दरवर्षी बोर्डांचा एक संच आणि दोन महिन्यांतून एकदा प्रशिक्षित संचालक मिळावा. विरोध होणार, हे ठाऊक आहे. विरोधकांचे बहुतेक मुद्दे माझ्याच जुन्या भाषणातले असतील आणि ते भाषण इतिवृत्तात नोंदलेले आहे.